तारीख मिळाली की...

ठाण्याचे राम गणेश गडकरी रंगायतन १५ डिसेंबर १९७८ रोजी सुरू झाले. संस्थेचा इतिहास म्हटला की यापुढे उद्‌घाटक, नगराध्यक्ष, आयुक्त, डागडुजी आणि पुन्हा उद्‌घाटक अशी ओळ लावायची, ही आपल्या स्मरणिकांची रीत आहे. ती ओळ पालिकेच्या दप्तरात आहेच. ज्यांना हवी त्यांनी तिथे पाहावी. मला सांगायचे आहे ते वेगळे. या वास्तूने ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या कलावंतांना काय दिले? भिंती, खुर्च्या, पडदा हे तर दिलेच. पण त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे तारीख.

नाटकवाल्यांना हे समजावून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. नाट्यगृहाच्या दिवसाचे तीन भाग पडतात : सकाळ, दुपार आणि रात्र. तारखांचे वाटप तीन-तीन महिन्यांचे एकदम होते. शनिवार-रविवार आणि सणासुदीच्या तारखा व्यावसायिक संस्थांकडे जातात. त्यात रागावण्यासारखे काही नाही, कारण त्यामागे निर्मात्याचे पैसे आणि पन्नास माणसांचे पोट असते. उरलेल्या आडवारच्या सकाळी-दुपारी हौशी मंडळींच्या वाट्याला येतात. एकदा तारीख हातात पडली, अनामत भरली, की सगळ्यांचे धाबे दणाणते. संहितेचा दुसरा अंक अजून लेखकाच्या डोक्यातच असतो. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र यायचे असते. नायिकेला बँकेतून रजा मिळायची असते. तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

कलावंत भेटला की ‘तुमची प्रेरणा कोणती?’ हे विचारायची आपल्याकडे फार हौस. गायक गुरूंचे नाव घेतात, चित्रकार आजोळच्या गावाचे, कवी सहसा पावसाचे. इथल्या एका हौशी संस्थेच्या लेखकाला मी हाच प्रश्न केला, तर तो म्हणाला, “प्रेरणा कसली घेऊन बसलात, मंगळवारची सकाळ मिळाली होती!” इतके प्रामाणिक उत्तर मी दुसरे ऐकलेले नाही.

१९७८ पूर्वी ही मंगळवारची सकाळ नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ठाणे काही अडाणी गाव नव्हते. मराठी ग्रंथसंग्रहालय इथे १८९३ मध्ये निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी विनायक लक्ष्मण भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा पाया घातला. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ सालचे. वाचणारी माणसे होती, लिहिणारी होती, गाणारी होती. उभे राहायला पक्का रंगमंच तेवढा नव्हता. नाटके होत ती शाळेच्या पटांगणात आणि गणेशोत्सवाच्या मांडवात. अशा ठिकाणी काम केलेले जुने नट सांगतात की, तिथे पहिला धडा अभिनयाचा नसे, आवाज फेकण्याचा असे. शेवटच्या सतरंजीवरच्या आजीला ऐकू गेले पाहिजे, आणि मधूनच भोंगा वाजला तर वाक्य तिथेच धरून ठेवून भोंगा संपल्यावर सोडता आले पाहिजे.

आणि ज्याला खरेच काही करायचे असेल, त्याने गाडी पकडायची. आगगाडी ठाण्याला १८५३ मध्ये आली, पुढच्या वर्षी कल्याणला पोचली, आणि तेव्हापासून इथला माणूस पोटासाठी मुंबईकडे तोंड करून उभा आहे. कलाही त्याच गाडीने जाऊ लागली. गिरगावात साहित्य संघ, दादरला १९६५ पासून शिवाजी मंदिर, सत्तरच्या दशकात छबिलदास शाळेतली प्रायोगिक रंगभूमी. डोंबिवलीचा नट कचेरी सुटल्यावर तालमीला दादरला उतरायचा आणि मध्यरात्रीची गाडी पकडून घरी यायचा. शेवटची कर्जत किंवा कसारा चुकली, की उरलेली रात्र बाकावर. त्या पिढीतल्या कित्येकांचे पाठांतर गाडीतच झाले. दाराशी उभा असलेला माणूस पुटपुटतोय म्हणून शेजारचे त्याच्याकडे संशयाने बघत, आणि घाटकोपर-मुलुंडनंतर ओळखीचे हसत.

नाट्यगृहाची मागणी जुनी होती. १९६७ मध्ये ठाणे नगरपालिकेत शिवसेना सत्तेवर आली. त्या निवडणुकीच्या वेळी ठाणेकरांनी नाट्यगृह मागितले आणि बाळासाहेब ठाकरे यांनी शब्द दिला, असे ठाण्यात सांगितले जाते. शब्द पुरा व्हायला दशकभर लागले. सतीश प्रधान नगराध्यक्ष असताना मासुंदा तलावाच्या काठी, गावाच्या ऐन मध्यावर, रंगायतन उभे राहिले. जागेची निवड हा माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय. स्टेशनपासून चालत येता येते. नाटक सुटल्यावर कल्याण-डोंबिवलीचा प्रेक्षक गाडी गाठू शकतो. नंतर इतरत्र नाट्यगृहे बांधताना एवढा विचार नेहमी झाला असे म्हणवत नाही.

नाव गडकऱ्यांचे दिले, तेही योग्यच. नाटककार गडकरी, कवी गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक बाळकराम असा एकाच माणसात तिघांचा संसार होता. ते २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले, तेव्हा वयाची चौतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर महिनाभरात, गंधर्व नाटक मंडळीचा, बडोद्याला. ‘राजसंन्यास’ अपुरेच राहिले. अपुऱ्या संहितेची धास्ती बाळगणाऱ्या आमच्या हौशी लेखकांना याहून योग्य दैवत मिळाले नसते.

आता माणसांकडे येतो.

जनकवी पी. सावळाराम यांच्याशिवाय ठाण्यातल्या कलेची गोष्ट सुरू होत नाही. मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील, गाव सांगली जिल्ह्यातले येडे निपाणी. आले ठाण्याला आणि ठाण्याचेच झाले; साठच्या दशकात नगराध्यक्षही होते. गीतकार नगराध्यक्ष झाल्याचे उदाहरण महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही, निदान मला तरी सापडलेले नाही. वसंत प्रभूंची चाल, लता मंगेशकरांचा आवाज आणि सावळारामांचे शब्द हे त्रिकूट एका काळी घरोघरच्या रेडिओवर होते. ‘जनकवी’ ही उपाधी त्यांना कुसुमाग्रजांनी दिली.

त्यांच्या ‘गंगा-जमुना’ या गाजलेल्या गीताची जन्मकथा आमच्याकडे सर्रास सांगितली जाते. कल्याणकडच्या एका रेल्वे फलाटावर सावळाराम गाडीची वाट पाहत उभे होते. शेजारी एक कुटुंब नव्या नवरीला सासरी धाडायला आलेले. मुलगी रडत होती, आई स्वतःचे डोळे पुसत तिची समजूत घालत होती. त्या आईचे बोलणे त्यांच्या कानावर पडले आणि तेच गाण्यात उतरले. तपशील सांगणाऱ्यागणिक थोडा बदलतो, पण फलाट बदलत नाही, आई बदलत नाही.

या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते सावळारामांचे ऐकणे. फलाटावर हजार माणसे होती, त्यांनीही तीच आई पाहिली असेल. तिने वापरलेले शब्द साधे, रोजचे होते. ते तसेच ठेवायचे, त्यांना अलंकार घालायचे नाहीत, हा निर्णय कवीचा. सावळारामांची गाणी बायकांनी जात्यावरच्या ओव्यांइतकी आपली मानली, त्याचे कारण हेच असावे. भाषा त्यांनी बायकांकडूनच घेतली होती. त्यांच्या नावाने ठाणे महापालिका पुरस्कार देते, त्याचबरोबरचा ‘गंगा-जमुना’ पुरस्कारही दिला जातो. सावळाराम २१ डिसेंबर १९९७ रोजी गेले.

दुसरे नाव पंडित राम मराठे. हे ठाण्यात राहत, ही गोष्ट नव्या ठाणेकरांना बहुधा त्यांच्या स्मृतिमहोत्सवाच्या फलकावरूनच कळते. प्रभातच्या ‘गोपाळकृष्ण’मधला बाळकृष्ण आणि ‘माणूस’मधला चहावाला पोऱ्या म्हणजे राम मराठे, हे तर फारच थोड्यांना ठाऊक असते. सिनेमातला पोरगा पुढे गाण्याकडे वळला. मास्टर कृष्णराव, यशवंतबुवा मिराशी, वामनराव सडोलीकर, जगन्नाथबुवा पुरोहित अशा वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंकडून त्याने घेतले आणि ते सगळे एका गळ्यात नांदवले. १९६३ मध्ये विद्याधर गोखले यांचे ‘मंदारमाला’ नाटक आले. संगीत मराठ्यांचे, प्रमुख भूमिकाही त्यांची. प्रसाद सावकारांबरोबरची त्यांची जुगलबंदी ऐकायला लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत.

नाट्यपद बांधणे हे काम वरून दिसते तेवढे सोपे नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. ख्यालाची बंदिश गवयाला अर्धा-पाऊण तास देते. नाटकात प्रसंग चालू असतो, समोरचे पात्र उभे असते, प्रेक्षकाला पुढे काय होते ते हवे असते. त्यामुळे रागाचा चेहरा पहिल्या दोन ओळींतच दिसायला हवा. शब्द गिळून चालत नाही. ताना घ्यायच्या त्या पात्राच्या मनातून आल्यासारख्या, नाही तर गवई उरतो आणि पात्र पळून जाते. आणि वर ‘वन्स मोअर’ आला, तर तेच पद दुसऱ्यांदा गाताना पहिल्यापेक्षा वेगळे काही द्यावे लागते, आणि प्रसंगही मोडू द्यायचा नसतो. मराठे यांची परंपरा शिकलेले लोक सांगतात की, पद आधी बोलून पाहायचे असते. बोलताना जिथे श्वास घ्यावासा वाटतो, तिथेच गातानाही जागा असते. ऑर्गनवर बोट ठेवण्याची पाळी त्यानंतरची. पं. राम मराठे ४ ऑक्टोबर १९८९ रोजी गेले. त्यांच्या नावाचा महोत्सव रंगायतनात भरतो, तेव्हा पहिल्या रांगेत मान्यवर बसतात आणि शेवटच्या रांगेत गाण्याच्या क्लासची मुले वही उघडून बसतात. वही असलेली रांग मला जास्त आवडते.

कल्याणकडे गाण्याची ओढ आणखी जुनी. कल्याण गायन समाजाने देवगंधर्व भास्करबुवा बखले यांच्या नावाने महोत्सव चालवला आहे. भास्करबुवा म्हणजे ‘स्वयंवर’ नाटकाच्या चाली देणारे आणि मास्टर कृष्णरावांचे गुरू. म्हणजे राम मराठे यांच्या गाण्याचा एक धागा भास्करबुवांपर्यंत जातो. ठाण्यातला महोत्सव आणि कल्याणातला महोत्सव असे एकाच कुळातले आहेत. या दोन महोत्सवांची कधी एकत्र जाहिरात झालेली माझ्या पाहण्यात नाही. व्हायला हरकत नाही.

डोंबिवलीचे म्हणजे शं. ना. नवरे. शन्ना. मध्यमवर्गीय घर, दोन खोल्या, एखादा छोटासा प्रसंग आणि शेवटी वाचक चुकचुकेल किंवा गालात हसेल अशी कथा, ही त्यांची खूण. नाटककार म्हणून त्यांचे एक काम आज शिकण्यासारखे वाटते. जयवंत दळवींच्या ‘महानंदा’ या कादंबरीवरून त्यांनी ‘गुंतता हृदय हे’ केले. कादंबरीत लेखक पात्राच्या मनात शिरून पानेच्या पाने तिथे राहू शकतो. नाटककाराला ती सोय नसते. जे मनात आहे ते बोलण्यात आणायचे, आणि तरी सगळे बोलून टाकायचे नाही. कोणता प्रसंग रंगमंचावर घडू द्यायचा आणि कोणता नुसता कळवायचा, याची निवड म्हणजे रूपांतर. लिहायला शिकणाऱ्यांनी कादंबरी आणि नाटक शेजारी शेजारी ठेवून वाचावे. काय गाळले ते पाहिले की शन्ना कळतात. २५ सप्टेंबर २०१३ रोजी ते गेले.

‘गुंतता हृदय हे’मध्ये डॉ. काशिनाथ घाणेकर होते. दातांचा डॉक्टर, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी, ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या. त्यांच्या नावावर टाळ्या पडत, ते मंचावर आले की वेगळ्या. २ मार्च १९८६ रोजी दौऱ्यावर असताना अमरावतीला त्यांचा अंत झाला. ठाण्याच्या दुसऱ्या नाट्यगृहाला आज त्यांचे नाव आहे. कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहर अठरा लाखांच्या वर आणि कल्याण-डोंबिवली बारा लाखांच्या वर होते. तीस लाखांना पालिकांची मोठी नाट्यगृहे चार. तारखेला भाव का, याचे उत्तर या हिशेबात आहे.

नामवंतांचे झाले. पण रंगायतन रोज चालवले ते ज्यांची नावे फलकावर येत नाहीत त्यांनी. ‘मित्रसहयोग’, ‘कलासरगम’ या ठाण्याच्या संस्थांनी राज्य नाट्य स्पर्धेची आणि एकांकिकांची हवा गावात आणली. ज्ञानसाधना, जोशी-बेडेकर, कल्याणचे बिर्ला अशा महाविद्यालयांतली पोरे एकांकिकांच्या मोसमात अक्षरशः रंगमंचाच्या मागेच राहतात. २५ जानेवारीच्या रात्री होणारी चतुरंगची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा गाठायची, हे त्यांचे ध्येय. या मुलांना विषय कुठून सुचतात म्हणावे, तर लोकलच्या गर्दीतून, रिकाम्या झालेल्या कारखान्यांतून, खाडी बुजवून उठलेल्या इमारतींतून, पुनर्विकासात गेलेल्या चाळींतून. एक पुणेकर परीक्षक एकदा वैतागून म्हणाले होते, की ठाण्याच्या प्रत्येक एकांकिकेत रेल्वे का असते? असणारच. दिवसाचे तीन तास ज्यात जातात ते नाटकात यायचे नाही तर कुठे?

पडद्यामागचे एक दृश्य जवळून सांगतो, कारण ते प्रेक्षकाला कधी दिसत नाही. सकाळच्या प्रयोगासाठी सेटचा टेम्पो पहाटेच मागच्या दाराशी लागतो. दारातून फ्लॅट आत घ्यायचे ते आडवे करून, एक माणूस पुढे, एक मागे, आणि मधला नुसता ओरडायला. आधी लेव्हल मांडायच्या, मग फ्लॅट उभे करून मागून टेकू द्यायचे, जोडाच्या फटी कागद चिकटवून बुजवायच्या. तेवढ्यात प्रकाशयोजनाकार शिडीवर चढलेला असतो. त्याला अंधार हवा, सुताराला उजेड हवा. हे भांडण प्रत्येक प्रयोगाला नव्याने होते आणि प्रत्येक वेळी चहावर मिटते. दार-खिडकीची उघडझाप दहादा करून पाहतात. नाटकातले दार अडकले तर नटाला भिंतीतून जाता येत नाही, आणि हे एकदा घडल्याशिवाय कोणी दहादा उघडून पाहत नाही. एक नेपथ्यकार नेहमी सांगायचे, “मी आधी घर बांधत नाही, त्या घरातली भांडणे कुठे होतील ती जागा ठरवतो. मग घर आपोआप होते.” दिवसा ते एका कंपनीत आराखडे काढत असत. कंपनीच्या आराखड्यात भांडणाला जागा नसते, अशीही त्यांची तक्रार होती.

तिसरी घंटा होते. बँकेतून रजा काढून आलेली नायिका विंगेत उभी राहून रंगमंचाला हात लावून नमस्कार करते. मध्यंतरात बटाटावड्याचा वास आतपर्यंत येतो आणि नट उपाशी असतात. प्रयोग संपला की पुढच्या संस्थेचा टेम्पो दाराशी उभाच, म्हणून जे चार तासांत उभारले ते पाऊण तासात मोडायचे. हौशी नाटकाचे पुष्कळदा दोन-चारच प्रयोग होतात. एवढ्यासाठी एवढे का, असे मी एका बाईंना विचारले. तीस वर्षे त्या कामे करत होत्या. म्हणाल्या, “अहो, घरात मी कोणाची तरी आई आणि हापिसात कोणाची तरी मॅडम. इथे दोन तास मी खून करू शकते.”

ज्या कलांना नाट्यगृह लागत नाही, त्यांनी रस्ता धरला. डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ च्या गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली. आज गावोगाव निघणाऱ्या शोभायात्रांची ही सुरुवात. आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून ती निघाली. माझ्या मते तिने कलावंतांसाठी केलेले सगळ्यात मोठे काम म्हणजे कोणाच्या मंजुरीशिवाय दरवर्षी ठरलेली तारीख दिली. पाडवा पंचांगातच छापलेला असतो. चित्ररथ रंगवणारे, लेझीम बसवणारे, ढोल-ताशे, आणि डोंबिवलीच्या फडके रोडपासून ठाण्याच्या गावदेवी मैदानापर्यंत रांगोळी घालणारे, हे सगळे माघ महिन्यापासूनच कामाला लागतात.

रांगोळीवाल्यांचे ऐकण्यासारखे असते. व्यक्तिचित्राची रांगोळी काढणारा कलाकार खोलीतले पंखे बंद करतो, दारे-खिडक्या लावून घेतो, कारण एक झुळूक आली की गालावरची सावली मिशीत जाते. आधी जमिनीवर चौकटी आखायच्या, मग चाळणीने मूळ रंगाचा थर. रांगोळीत रंग मिसळून एकाच त्वचेच्या बारा-पंधरा छटा वाट्यांत तयार ठेवायच्या. खोडरबर नाही. चुकले तर फुंकर मारता येत नाही, वरून दुसरा थर घालूनच सुधारायचे. एक जण सांगत होता, “डोळे मी आधी काढतो. डोळे जमले तरच पुढचे दहा तास बसायचे.” आणि दोन दिवसांनी झाडू. याचे वाईट वाटत नाही का? त्याने उलट मलाच विचारले, “तुमचे नाटक संपल्यावर कुठे राहते?”

टिकण्याचा मक्ता शिल्पकारांनी घेतला. गेट वे ऑफ इंडियासमोरचा शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ रोजी उभा राहिला, तो सदाशिव तथा भाऊ साठे यांचा. दिल्लीतला त्यांचा महात्मा गांधींचा पुतळा त्याआधीचा. डोंबिवलीत एमआयडीसीच्या परिसरात त्यांचे ‘शिल्पालय’ आहे. मुंबई पाहायला आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या शिवाजी महाराजांसमोर फोटो काढतो. त्या शिल्पकाराची शिल्पे पाहायला डोंबिवलीचे किती जण रिक्षाने दहा मिनिटे जातात, हे वाचकांनी आपापल्या मनाशी ठरवावे. धातूतले शिल्प म्हणजे लोखंडी सांगाड्यावर मातीकाम, मातीवरून प्लॅस्टरचा साचा, साच्यातून मेण, मेणाच्या जागी ओतलेला रस, आणि त्यानंतर कानशीने महिनोन्‌महिने केलेली सफाई. लोकांसमोर येते ते शेवटचे. मातीत शिल्पकाराच्या अंगठ्याचे ठसे असतात, ते पाहायचे तर शिल्पालयासारखीच जागा लागते. भाऊंचा जन्म १७ मे १९२६ चा, निधन ३० ऑगस्ट २०२१ चे. २०२६ हे त्यांचे जन्मशताब्दीचे वर्ष.

कलावंताने आपल्या कामाबद्दल बोलावे, अशी जागा मात्र या शहरांत नाट्यगृहाच्या आत नव्हती, बाहेर होती. रंगायतनासमोरच्या कट्ट्यावर जेवढी नाट्यसमीक्षा झाली तेवढी कुठल्या नियतकालिकात झाली नसेल, आणि तिथे मानधनही नव्हते. पुढे ठाण्यात कट्ट्यांची चळवळच उभी राहिली. आचार्य अत्रे कट्ट्यावर लेखक-कलावंतांना बोलावून बोलते करू लागले. किरण नाकती यांच्या अभिनय कट्ट्यावर दर रविवारी नवी मुले उभी राहू लागली. इथे तिकीट नाही, तिसरी घंटा नाही, पण दर आठवड्याला वार ठरलेला. नव्या माणसाला याहून अधिक काय हवे?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळेच थांबले. मधल्या थोड्या काळाचा अपवाद सोडला तर २२ ऑक्टोबर २०२१ पर्यंत राज्यातली नाट्यगृहे बंद होती. या काळात रंगमंच कामगारांचे जे हाल झाले त्यांची नोंद पुरेशी झालेली नाही. पुढे रंगायतन नूतनीकरणासाठी बंद झाले आणि २०२५ मध्ये नव्या रूपात उघडले. खुर्च्या चांगल्या आहेत, ध्वनी सुधारला आहे. एक गरज मात्र १९७८ मध्ये होती तशीच आहे, ती तालमीच्या जागेची. प्रयोगाला नाट्यगृह आहे, तालमीला अजून कोणाची तरी गच्ची, शाळेचा वर्ग किंवा सोसायटीचे सभागृह, तेही रात्री दहापर्यंत. चारही नाट्यगृहांलगत परवडणाऱ्या भाड्याची एक-एक तालीमखोली झाली, तर इथल्या हौशी रंगभूमीचे अर्धे प्रश्न सुटतील. वाढत्या उपनगरांत नवे काही बांधताना निदान एवढे आराखड्यात धरावे, ही पालिकांना विनंती.

डिसेंबर २०२८ मध्ये रंगायतनाला पन्नास वर्षे पुरी होतील. तोवर एक काम आपल्या सर्वांना करता येण्यासारखे आहे. हौशी संस्थांची हस्तपत्रके, हाताने लिहिलेल्या संहिता, नेपथ्याचे आराखडे, पदांच्या स्वरलिपीच्या वह्या, रांगोळ्यांचे आणि प्रयोगांचे फोटो ही सारी सामग्री आज लोकांच्या माळ्यावर आहे, आणि घर पुनर्विकासाला गेले की पहिली रद्दीत जाते. आपल्या घरी असे काही असेल तर टाकू नका. या स्मरणिकेच्या संपादकांकडे किंवा जवळच्या ग्रंथसंग्रहालयात आणून द्या. फोटोत कोण आहे, पडद्यामागे कोण होते, हे आठवेल तेवढे मागे पेन्सिलीने लिहा. जे ज्येष्ठ कलावंत अजून बोलू शकतात, त्यांच्याकडे जाऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. मूळ प्रत परत हवी असल्यास तसे सोबत लिहून द्यावे.